नांगराच्या छापाची बाटली

विषय ऐकताच आमच्या वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळावर आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. उभ्या आयुष्यात चहा-कॉफीपलीकडे कोणतेही पेय ज्यांच्या ओठांस लागले नाही, आणि चौतीस वर्षे शाळेतील मुलांकडून मद्यनिंदेची सुभाषिते ज्यांनी नेमाने पाठ करवून घेतली, त्या आम्ही बिअरच्या कारखान्याचे चरित्र लिहावयास बसावे, यात विसंगती आहे खरी. बिअर चांगली की वाईट हा आमचा विषय नव्हे. त्या बाबतीत आमचे मत होते तेच आहे. परंतु एखादा लहानसा उद्योग कशाने जगतो आणि कशाने मरतो, हा प्रश्न सध्या आमच्याच घरात येऊन उभा राहिला आहे, आणि त्यावरचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्या हाती लागले ते नेमके या पेयाचे. तेव्हा वाचकांनी घटकाभर पेय बाजूस ठेवून उद्योगाकडे पाहावे, एवढीच विनंती.

घरातला प्रकार असा. कोकणातील आमच्या मूळ घरी आमच्या थोरल्या वहिनी गेली पस्तीस वर्षे आमसुले, फणसपोळी, मेतकूट आणि कुळथाचे पीठ करून विकतात. आरंभी माजघरात चालणारे हे काम आता अंगणापलीकडच्या पडवीत गेले आहे, आणि गावातील सात बाया त्यावर पोट भरतात. गतवर्षी एका मोठ्या कंपनीचे पत्र आले की, नाव, कृती आणि गिऱ्हाईक यांसह हा सर्व व्यवहार आम्हांस विकत द्यावा. रक्कम भली मोठी. धाकटी पिढी अनुकूल झाली. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात नोकरीस असलेले त्यांचे मधले चिरंजीव रजेवर आले होते. त्यांच्या सामानातून आखूड मानेची, तपकिरी काचेची एक रिकामी बाटली निघाली. तिजवरच्या कागदावर गलबताचा नांगर काढलेला.

"हे काय रे आणलंस?" वहिनींनी विचारले.

"आई, ही बिअर आता निघत नाही, म्हणून रिकामी का होईना, ठेवली आहे," चिरंजीव म्हणाले, आणि आमच्याकडे वळून पुढे म्हणाले, "अप्पाकाका, ते कंपनीचं पत्र वाचण्याआधी तुम्ही या कारखान्याची हकीकत वाचाच."

आम्ही ती वाचली. ती येणेप्रमाणे.

कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडले आणि पुढील वर्षापासून सॅन फ्रान्सिस्को बंदरात माणसांची रीघ लागली. त्यांत जर्मन लोक पुष्कळ होते, आणि जर्मन मनुष्यास बिअर म्हणजे कोकणी मनुष्यास पेज. परंतु तेथे एक अडचण होती. ती कळावयाची तर बिअर कशी होते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. सातू भिजवून त्यांस मोड आणावयाचे, ते वाळवून भाजावयाचे, भरडून ऊन पाण्यात कालवावयाचे, म्हणजे त्यांतील पिष्टाची साखर होऊन गोड काढा तयार होतो. या काढ्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट, सुगंधी फुले घालून तो उकळावयाचा, निववावयाचा, आणि मग त्यात यीस्ट सोडावयाचे. यीस्टचे सूक्ष्म जीव साखर खाऊन मद्यार्क व वायू निर्माण करतात. संस्कृतात यास 'किण्व' असा नेमका शब्द आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण असून किण्व सिद्ध करण्याची उडीद-तांदळांची कृती त्यात मापांसह दिलेली आहे. आणि मनुस्मृतीने सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे जे तीन भेद सांगितले, त्यांत बिअर ही पैष्टीच्या कुळातली ठरेल. असो.

यीस्टच्या दोन जाती मुख्य. एक उबेत काम करते, तिच्यापासून 'एल' होते. दुसरी थंडीत सावकाश काम करते, तिच्यापासून 'लागर' होते. जर्मनांस हवी लागर. पण त्या काळच्या सॅन फ्रान्सिस्कोत ना पुरेसे बर्फ, ना थंडी उत्पन्न करणारी यंत्रे. तेव्हा तेथल्या कारागिरांनी तडजोड केली. यीस्ट लागरचे घेतले, पण समुद्रावरून येणाऱ्या गार वाऱ्यावर भिस्त ठेवून उथळ, पसरट, उघड्या कुंडांत ती आंबवली. यातून जी बिअर निघाली ती 'स्टीम', म्हणजे वाफेची बिअर. हे नाव कशावरून पडले याविषयी एकमत नाही. पीप फोडताना वायूचा जो फुत्कार होई त्यावरून पडले असे कोणी म्हणतात, तर गच्चीवर निवत ठेवलेल्या काढ्याच्या वाफांवरून पडले असे दुसरे म्हणतात. आम्हांस पहिली उपपत्ती बरी वाटते. ते काही असले तरी मोलमजुरी करणाऱ्यांचे हे स्वस्त पेय होते, त्यास प्रतिष्ठा नव्हती.

१८७१ साली गॉटलीब ब्रेकल नावाच्या जर्मन गृहस्थाने एक जुना गुत्ता विकत घेऊन तेथे असा एक कारखाना घातला. १८९६ साली तो अर्न्स्ट बारूथ व त्याचे जावई ऑटो शिंकेल यांनी घेतला आणि त्यास 'अँकर', म्हणजे नांगर, हे नाव दिले. नांगराने गलबत स्थिर राहते म्हणतात; येथे मात्र उलटाच प्रकार झाला. १९०६च्या फेब्रुवारीत बारूथ वारला. एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोचा तो प्रसिद्ध भूकंप झाला, आणि पाठोपाठ पेटलेल्या आगीत कारखाना भस्मसात झाला. दुसऱ्या वर्षी नवी जागा उभी राहते न राहते तोच शिंकेल ट्रामगाडीखाली सापडून गेला. १९२० साली सबंध अमेरिकेत दारूबंदी आली आणि कारखान्यास तेरा वर्षे कुलूप लागले. (आपल्या मुंबई प्रांताचा दारूबंदीचा कायदा १९४९चा, अमेरिकेने तोपर्यंत तो प्रयोग करून सोडूनही दिला होता.) १९३३ साली बंदी उठली, कारखाना पुन्हा सुरू झाला, आणि वर्षाच्या आत पुन्हा जळाला! पुन्हा उभा केला. एवढ्या आपत्ती एका घरावर आल्या असत्या तर त्या घराण्याने जोतिषास पत्रिका दाखवण्यातच उरलेले द्रव्य खर्चिले असते.

पण भूकंपाने आणि आगीने जे केले नाही ते लोकांच्या बदललेल्या रुचीने जवळजवळ केले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत चारदोन प्रचंड कंपन्यांनी बिअरचा सारा बाजार व्यापला. फिकी, पातळ, सगळीकडे एकाच चवीची बिअर डब्यांत भरून खंडभर जाऊ लागली. दारूबंदीपूर्वी त्या देशात बिअरचे हजाराहून अधिक कारखाने होते. १९७०नंतरच्या दशकाच्या अखेरीस शंभरही उरले नाहीत. अँकरचा कारखाना १९५९ साली बंद पडला, पुढल्या वर्षी लॉरेन्स स्टीस याने तो जेमतेम चालू केला, आणि १९६५ साली तो पुन्हा मोडीस निघाला.

येथे फ्रिट्झ मेटॅग या तरुणाचा प्रवेश होतो. आयोवा संस्थानातील न्यूटन गावी कपडे धुण्याची यंत्रे करणारे मेटॅग घराणे अमेरिकेत सर्वश्रुत आहे. त्या घराण्याचा हा पणतू. स्टॅनफर्ड विद्यापीठात साहित्य शिकलेला, वय वर्षे सत्तावीस, वडिलार्जित द्रव्य गाठीशी, आणि पुढे काय करावे हे ठरलेले नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील एका खानावळीत तो नित्य अँकरची बिअर पीत असे. खानावळीच्या मालकाने त्यास सांगितले की, हा कारखाना आता बंद होतो आहे, एकदा पाहून तरी या. तो पाहावयास गेला आणि कारखान्यातील अर्ध्याहून थोडा अधिक हिस्सा विकत घेऊन परतला. पडलेली किंमत एका जुन्या मोटारीपेक्षाही कमी होती असे सांगतात.

त्याने घेतले काय? गळकी भांडी, डोक्यावर देणे, आणि पुष्कळदा आंबट होणारी बिअर. आंबट का होते, हे तेथे कोणी शोधले नव्हते. मेटॅगने सूक्ष्मदर्शक यंत्र आणले आणि स्वतः डोळा लावून बसला. बिअर नासते ती उपऱ्या जंतूंमुळे, हे पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७६ सालीच आपल्या बिअरविषयक ग्रंथात सिद्ध केले होते; परंतु नव्वद वर्षांपूर्वीचे ते ज्ञान या कारखान्याच्या उंबऱ्याशी येऊन थांबले होते. मेटॅगने कृती जुनीच ठेवली, पण स्वच्छता नवी आणली. उथळ कुंडे राहिली, निव्वळ सातूचे माल्ट आणि अख्ख्या हॉपफुलांचा आग्रह धरला, बिअरमधील वायू बाहेरून न भरता आंबण्यातूनच उत्पन्न व्हावा असे ठरवले. आमच्या वहिनी आमसुलांस प्रत्येक पुटानंतर पुन्हा ऊन दाखवतात आणि पावसाळी हवेत काम सरळ बंद ठेवतात. त्यांस ही गोष्ट ऐकताच पटली. "म्हणजे घाई केली नाही त्याने," एवढेच त्या म्हणाल्या. घाई खरोखरच नव्हती. १९६९ साली तो पूर्ण मालक झाला, १९७१ साली बिअर बाटल्यांत भरली जाऊ लागली, आणि कारखान्यास पहिला नफा दिसला तो १९७५ साली. दहा वर्षे घरचे द्रव्य त्यात गेले. सर्वांस हे जमणार नाही, हेही येथे प्रांजळपणे लिहिले पाहिजे; आजोबा-पणजोबांनी धुलाईयंत्रे विकली नसती तर ही कथा दुसऱ्या वर्षीच संपली असती.

त्या दहा वर्षांत आणि पुढे कारखान्याचा परिवार कसा वाढला ते पाहण्यासारखे आहे. १९७२ साली 'पोर्टर' निघाली. ही करपवट भाजलेल्या माल्टची, काळसर, घट्ट बिअर. मूळची लंडनच्या हमालांची आणि तेव्हा इंग्लंडातच जवळजवळ विसरली गेलेली. १९७५ साली एकदम तिघींचा जन्म झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पॉल रिव्हियर याने १८ एप्रिल १७७५च्या रात्री घोड्यावरून जी दौड केली तिच्या द्विशतसांवत्सरिकानिमित्त 'लिबर्टी एल' केली. तीत ऑरेगॉनकडे नव्यानेच पैदा केलेल्या कॅस्केड जातीचे हॉप घातले, तेही उकळताना घालून न थांबता बिअर थंड झाल्यावर पुन्हा कोरडे घातले, त्यामुळे तिला लिंबू-मोसंब्यांचा दर्प आला. 'ओल्ड फॉगहॉर्न' ही दुसरी, द्राक्षासवाइतकी कडक. तिसरी नाताळची. ती दर वर्षी नव्या कृतीने करावयाची, कृती गुप्त ठेवावयाची, आणि बाटलीवर दर वर्षी निराळ्या झाडाचे चित्र. ही चित्रे जिम स्टिट या चित्रकाराने चार दशकांहून अधिक काळ हातांनी काढली. आमच्याकडे पंचांग बदलते तशी तेथल्या घरांत ही बाटली बदले, आणि लोक रिकाम्या बाटल्या ओळीने मांडून ठेवीत. १९८४ साली गव्हाची हलकी बिअरही निघाली.

लिबर्टीविषयी आणखी एक शब्द. हिच्याच वळणावर पुढे अमेरिकेत 'इंडिया पेल एल' नावाच्या बिअरचे पीक आले. या नावातील इंडिया म्हणजे आपणच. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडातून कलकत्ता-मुंबईस गलबतांतून येणारी हॉपदार बिअर ही या जातीची पूर्वज होय. आणि गंमत अशी की, २००९ साली पुण्यात लहान प्रमाणावर बिअर करणारी 'डूलाली' ही संस्था निघाली, तिचे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून गोऱ्या शिपायांनी बनवलेल्या अपभ्रष्ट शब्दाचे आहे. शब्दांचा प्रवास गलबतांहून लांबचा.

आमच्यासारख्या जुन्या ग्रंथांच्या वाचकास सर्वांत रमवणारा प्रसंग १९८९चा आहे. मेसोपोटेमियातील सुमेरी लोकांची निनकासी ही बिअरची देवता. तिचे सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचे एक स्तोत्र मातीच्या विटांवर कोरलेले सापडले, आणि शिकागो विद्यापीठाच्या मिगेल सिव्हिल या पंडिताने १९६४ साली त्याचे भाषांतर केले. देवीच्या स्तुतीत बिअरची कृतीच गुंफलेली आहे! मेटॅगने पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या सॉलोमन काट्झ या मानववंशशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्या स्तोत्रात उल्लेखिलेली भाकर भाजून ती बिअर करून पाहिली आणि त्या वर्षी लहान कारखानदारांच्या संमेलनात पाहुण्यांस दिली. हॉप नसलेली ती बिअर बाजारात विकण्यासारखी नव्हतीच. एखादा वैदिक यज्ञपात्रांची मापे शुल्बसूत्रांवरून पुन्हा घडवून पाहील, त्या जातीचा हा उद्योग. धंद्यात असा निष्फळ आनंद ज्यास परवडतो तो कारखाना निरोगी समजावा, असे आमचे मत आहे.

१९७९ साली कारखाना पोट्रेरो टेकडीवर, जेथे पूर्वी कॉफी भाजली जाई त्या इमारतीत आला. तांब्याची मोठी भांडी जर्मनीतून आणली होती. बाहेर तोपर्यंत वारे फिरले होते. १९७६ साली सोनोमा येथे जॅक मॅकॉलिफ याने 'न्यू अल्बियन' नावाचा चिमुकला कारखाना काढला. तो १९८२ साली बुडाला. १९८० साली चिको गावी केन ग्रॉसमन व त्याच्या भागीदाराने 'सिएरा नेवाडा' काढला, तो मात्र थोर झाला. हे लोक अँकरची उमेद घेऊन उभे राहिले, आणि मेटॅगने आपल्या कारखान्याची दारे त्यांस उघडी ठेवली. जो येई त्यास तो दाखवी, सांगे. आज अमेरिकेत असे नऊ हजारांहून अधिक कारखाने आहेत.

त्याच्या स्वतःच्या वाढीविषयी मात्र त्याचा विचार निराळा होता. मागणी पुरवठ्यापलीकडे जाऊ लागली तेव्हा १९९२च्या सुमारास भाग विक्रीस काढून भांडवल उभारावे, कारखाना विस्तारावा, असे घाटत होते. तयारी झालीही होती. मग त्यालाच प्रश्न पडला की, मोठे व्हावे का? आणि त्याने तो बेत मोडला. कारखाना लहान, नावाजलेला आणि फायद्यात राहिला तर पुरे, असे त्याने ठरवले.

येथपर्यंतची कथा ऐकून आमची धाकटी पिढी जराशी हिरमुसली. वहिनींकडे पाहून मोठी माणसे हसली. पण चिरंजीव म्हणाले, "थांबा, पुढं ऐका." आणि पुढचे ऐकल्यावर दोन्ही पक्षांचे हसू मावळले.

२०१० साली, वयाची बहात्तर वर्षे झाल्यावर, मेटॅगने कारखाना विकला. घेणारे कीथ ग्रेगर आणि टोनी फोलिओ हे दोघे मद्यव्यवसायातले अनुभवी गृहस्थ. त्यांनी नवे प्रकार आणले, २०१२ साली लागर, २०१४ साली 'इंडिया पेल एल' हे नाव उघड धारण करणारी बिअर. म्हणजे जिची आजी अँकरच्याच घरची, तिला घरात यावयास चाळीस वर्षे लागली. २०१३ साली बंदराच्या धक्क्यावर कितीतरी पट मोठा कारखाना उभारण्याचा बेत जाहीर झाला. तो झालाच नाही. २०१७ साली जपानच्या सप्पोरो कंपनीने अँकर साडेआठ कोटी डॉलरांस विकत घेतला. सप्पोरोही लहान नाही आणि नवखीही नाही. १८७६ सालापासून ती बिअर करते. तिचा हेतू वाईट होता असे मानण्यास आम्हांस आधार सापडत नाही.

पण दिवस पालटले होते. ज्या हजारो लहान कारखान्यांस मेटॅगने वाट दाखवली, त्यांच्याच गर्दीत जुन्या नांगराकडे कोणी वळून पाहीना. २०१९ साली कामगारांनी आपला संघ स्थापला. वेतनात त्या महागड्या शहरात राहणे अशक्य झाले, हे त्यांचे गाऱ्हाणे. २०२०च्या साथीत खानावळी बंद पडल्या आणि पिपांची विक्री कोसळली. २०२१ साली हातांनी रेखाटलेल्या कागदांच्या जागी झगझगीत नवे कागद बाटल्यांवर आले. जुन्या गिऱ्हाइकांस ते अजिबात रुचले नाहीत. २०२२ साली सप्पोरोने कॅलिफोर्नियातच 'स्टोन' हा दुसरा मोठा कारखाना घेतला. २०२३च्या जूनमध्ये जाहीर झाले की, नाताळची बिअर यापुढे निघणार नाही. आणि १२ जुलै २०२३ रोजी कारखानाच बंद होत असल्याचे जाहीर झाले. शेवटच्या दिवसांत लोक बाहेर रांगा लावून उभे होते. कामगारांनी आपसांत सहकारी संस्था करून कारखाना विकत घेण्याची खटपट केली, ती सिद्धीस गेली नाही. ३१ मे २०२४ रोजी दह्याच्या व्यवसायात नाव मिळवलेल्या हमदी उलुकाया या तुर्की-कुर्दी वंशाच्या उद्योजकाने इमारत, यंत्रे आणि कृती यांसह सर्व विकत घेतल्याची बातमी आली.

मेटॅगचे चुकले काय, यावर त्या रात्री आमच्या ओटीवर पुष्कळ वाद झाला. न वाढण्याचा त्याचा निश्चय बरोबर होता, पण आपल्यामागे तो निश्चय कोण पाळील याची तजवीज त्याने केली नाही, असे आमचे मत पडले. पुतण्यांचे म्हणणे, सत्तरी उलटलेल्या मनुष्याने आणखी काय करावयाचे होते? पंचेचाळीस वर्षे पुरे नाहीत काय? यास आमच्याजवळ उत्तर नव्हते. वहिनी इतका वेळ सुपारी कातरीत बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारले, "त्या कारखान्यातली माणसं मग कुठं गेली रे?"

चिरंजीवांस ते सांगता आले नाही. तेव्हा वहिनींनी फडताळातून कंपनीचे पत्र काढावयास लावले आणि पडवीतल्या सात बायांविषयी त्यात काय लिहिले आहे तेवढे वाचावयास सांगितले. चार पानी पत्रात तसे काहीच नव्हते. त्याविषयी विचारणा करणारे उत्तर आम्हीच, आमच्या हस्ताक्षरात, वहिनींच्या सांगण्यावरून लिहून पाठवले. त्यास आता अडीच महिने झाले. कंपनीचे उत्तर आलेले नाही, आणि यंदाची आमसुले वाळत घातली आहेत.